शीघ्र शय्यात्याग आणि अतिदक्षता उपचार

शीघ्र शय्यात्याग आणि अतिदक्षता उपचार : गंभीर आजारी व्यक्ती अतिदक्षता विभागात असतानाच, तिची प्रकृती स्थिरावू लागताच, तिच्याकडून क्रमाक्रमाने हालचाल करवून घेण्याच्या उपचारपद्धतीस शीघ्र शय्यात्याग असे म्हणता येईल. कुशीवर वळविणे, सांध्यांच्या हालचाली करविणे, पाठीला आधार देऊन बसविणे, खाटेच्या कडेला पाय सोडून बसविणे, उभे करणे, खुर्चीत बसविणे व अखेरीस चालविणे, या तिच्या पायऱ्या होत. घशातून श्वासनालात नळी घातलेली असताना व श्वसनयंत्र चालू असतानाही यांपैकी बऱ्याच पायऱ्या गाठता येतात. रुग्णास निश्चल ठेवणे म्हणजे त्यास विश्रांती देणे, ही समजूत वैद्यकात दीर्घकाळ रूढ होती. ती मागे पडण्यास सु. शंभर वर्षे लागली आणि अतिदक्षता विभागात तर ती एकदा मागे पडून पुन्हा प्रबळ झाली होती. प्रस्तुत नोंदीत या स्थित्यंतराचा इतिहास, त्यामागील फुप्फुसांच्या कार्याचे शास्त्र आणि या उपचाराच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

विश्रांतीची परंपरा : इंग्रज शस्त्रक्रियातज्ञ जॉन हिल्टन यांनी १८६०–६२ या काळात विश्रांती व वेदना या विषयावर व्याख्याने दिली. ती १८६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मोडलेले हाड किंवा सुजलेला सांधा यांना स्वास्थ्य दिल्यास निसर्ग स्वतःच दुरुस्ती करतो, हे त्यांचे प्रतिपादन योग्यच होते. मात्र एका अवयवास लागू पडणारा हा नियम पुढे संपूर्ण शरीरास लावण्यात आला. उदरावरील शस्त्रक्रिया, प्रसूती, हृद्‌विकार, दीर्घज्वर अशा सर्वच प्रसंगी रुग्णास कित्येक आठवडे उताणे निजवून ठेवण्याची प्रथा पडली. आपल्याकडील घरगुती शुश्रूषेतही ‘उठू नका, हलू नका’ हाच मायेचा सल्ला असे. बाळंतिणीस सव्वा महिना घरात ठेवण्याची रूढी याच विचाराशी जुळणारी होती.

क्षय रोगाच्या उपचारात या विचाराने संस्थेचे रूप घेतले. प्रभावी औषधे नसताना विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा हेच उपचार होते व त्यांसाठी आरोग्यधामे उभारली गेली. १८८९ मध्ये मिरजेस आलेले वैद्यकीय मिशनरी विल्यम वानलेस यांच्या कार्यातून दक्षिण महाराष्ट्रास असे एक आरोग्यधाम लाभले. मिरजेजवळील वानलेसवाडी हे नाव त्यांचेच स्मरण देते. विश्रांतीच्या सरसकट वापरास पहिला छेदही क्षयोपचारातच गेला. इंग्लंडमधील फ्रिमली येथे १९०५ मध्ये उघडलेल्या आरोग्यधामात मार्कस पॅटर्सन यांनी रुग्णांना आधी चालणे, मग टोपल्या वाहणे, मग खोदकाम अशी चढत्या श्रमाची कामे नेमून दिली. पुढे औषधांचा काळ आल्यावर मद्रास येथील क्षयचिकित्सा केंद्राने घरी राहून औषध घेणारे रुग्ण व आरोग्यधामातील रुग्ण यांची तुलना केली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, योग्य औषधे दिली असता घरी राहणारे, तुलनेने कमी विश्रांती व कमी सकस आहार मिळणारे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे होतात, असे दिसून आले. भारतात झालेल्या या अभ्यासामुळे जगातील क्षयोपचाराची दिशा बदलण्यास मोठे साहाय्य झाले (⟶ क्षय रोग).

शस्त्रक्रियेनंतरचा शय्यात्याग : शिकागो येथील एमिल रीस यांनी १८९९ मध्ये उदर उघडून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णांना लवकर उठविण्याचा पुरस्कार केला, परंतु टाके उसवतील या भीतीने त्यांचे म्हणणे फारसे कोणी स्वीकारले नाही. लंडन येथील विल्यम पास्टर यांनी १९०८–१० या काळात शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा मोठा भाग हवारहित होऊन मिटतो, या घटनेकडे लक्ष वेधले. मध्यपटल (छाती व उदर यांमधील स्नायूचा पडदा) नीट हलत नाही हे त्याचे एक कारण त्यांनी दाखविले. अमेरिकेतील डॅनियल लाइथॉझर यांनी १९३८ पासून रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लवकरच उठवून चालविण्याचा क्रम ठेवला व १९४६ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. याच सुमारास दुसऱ्या महायुद्धामुळे खाटा व परिचारिका यांचा तुटवडा पडला आणि लवकर उठविणे ही गरजच बनली. १९४४ मध्ये विल्यम डॉक यांनी संपूर्ण शय्याविश्रांतीचे दुष्परिणाम सांगितले, तर १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्रज वैद्याने अंथरुणास खिळण्याचे धोके अवयवागणिक मांडले. सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये हृदयरोहिणीत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना खाटेऐवजी आरामखुर्चीत बसविल्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

निश्चलतेची किंमत किती असते याचे मोजमाप १९६६ मध्ये डॅलस येथे झाले. पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने झालेली घट त्या तीन आठवड्यांतील घटीपेक्षा कमीच भरली.

निजण्याचे फुप्फुसांवरील परिणाम : साधा श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत काही हवा शिल्लक राहते. हा साठा वायुकोशांना उघडे ठेवतो आणि दोन श्वासांच्या मधल्या काळातही रक्तास प्राणवायू पुरवितो. उभा असलेला माणूस उताणा निजला की उदरातील अवयव मध्यपटलास छातीकडे ढकलतात व हा साठा सु. अर्धा ते एक लिटर कमी होतो. शुद्धिहरण केल्यास किंवा गाढ गुंगी आणल्यास तो आणखी घटतो. परिणामी पाठीकडील, म्हणजे सर्वांत खालच्या भागातील बारीक श्वासनलिका मिटू लागतात. त्या भागात रक्त पोहोचते, पण हवा पोहोचत नाही. त्यामुळे रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच पुढे जाते. वाढत्या वयात हा दोष अधिक जाणवतो.

निजलेल्या माणसाचा खोकलाही दुबळा असतो. स्राव साचतात, त्यांत जंतू वाढतात आणि फुप्फुसशोथ होण्याचा धोका उद्‌भवतो. पायांच्या नीलांमध्ये रक्त साकळून गुठळी झाली व ती वाहत फुप्फुसात जाऊन अडकली, तर मृत्यूही ओढवू शकतो. श्वसनयंत्रावरील रुग्णात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. श्वास घेण्याचे काम यंत्र करीत असल्याने मध्यपटल निष्क्रिय राहते व वेगाने क्षीण होते. मेंदू मृत झालेल्या अवयवदात्यांच्या मध्यपटलांची तपासणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रावरील १८ ते ६९ तासांतच स्नायुतंतूंचे छेदक्षेत्र निम्म्याहून अधिक घटल्याचे तीत आढळले. मांडीच्या स्नायूचीही तीच गत होते; लंडन येथील २०१३ च्या अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढील स्नायूचे छेदक्षेत्र दहा दिवसांत सु. १८ टक्के कमी झाले.

बसविल्याने मध्यपटल खाली उतरते, शिल्लक हवेचा साठा वाढतो व खोकल्यास जोर येतो. चालविल्याने श्वास खोल होतो आणि पायांतील रक्ताभिसरण सुधारते. पाठीकडील मिटलेले भाग उघडण्यासाठी रुग्णास पालथे निजविण्याची पद्धतीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. फुप्फुसे तीव्र निकामी झालेल्या ४६६ रुग्णांच्या २०१३ मधील फ्रेंच अभ्यासात, दीर्घकाळ पालथे निजविलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के, तर उताणे ठेवलेल्यांपैकी सु. ३३ टक्के रुग्ण मृत्यू पावले.

बालपक्षाघाताच्या साथी व दोन शाखांचा उगम : श्वसनयंत्राने उपचार व भौतिकी चिकित्सा या दोन्ही शाखांच्या इतिहासात बालपक्षाघाताच्या साथींना महत्त्वाचे स्थान आहे. फिलिप ड्रिंकर व लुईस शॉ यांनी १९२८ मध्ये अमेरिकेत बनविलेल्या ‘लोखंडी फुप्फुस’ या पेटीवजा यंत्रात रुग्णाचे मान वगळता सर्व शरीर बंदिस्त राही. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे भीषण साथ आली, तेव्हा तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात अशी एकच पेटी व छातीस बसविण्याची सहा छोटी यंत्रे होती. श्वसन बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्या वेळी शुद्धिहरणतज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनाल छेदून नळी बसविली व रबरी पिशवी दाबून फुप्फुसांत हवा भरण्याची पद्धत सुचविली. सु. १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अहोरात्र पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. १९५३ मध्ये इब्सेन यांनी सुरू केलेला कक्ष हा आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो.

याच काळात मुंबईतही बालपक्षाघाताची साथ आली. रोगातून वाचलेल्या, परंतु लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करण्यासाठी शिक्षित माणसांची गरज भासली. त्यातून १९५०–६० या दशकाच्या प्रारंभी परळ येथील राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात शासन व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने भौतिकी चिकित्सेचे विद्यालय निघाले; भारतातील या शाखेच्या पद्धतशीर शिक्षणाचा तो प्रारंभ होय. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. एकाच रोगाने एका शहरात श्वास चालू ठेवणारी कला दिली, तर दुसऱ्या शहरात रुग्णास चालते करणाऱ्या कलेचे शिक्षण सुरू झाले. पुढे कित्येक दशके या दोन कला रुग्णालयाच्या वेगवेगळ्या दालनांत राहिल्या. भारत मार्च २०१४ मध्ये बालपक्षाघातमुक्त घोषित झाला. त्या रोगाने जन्मास घातलेल्या संस्था मात्र टिकून आहेत (⟶ बालपक्षाघात).

निश्चलतेचे पुनरागमन : कोपनहेगनचे बहुसंख्य रुग्ण जागे होते व त्यांची फुप्फुसे मुळात निरोगी होती. पुढे अतिदक्षता विभागात जंतुविषबाधा, मोठे अपघात व तीव्र फुप्फुसविकार यांचे रुग्ण येऊ लागले. आरंभीची यंत्रे रुग्णाच्या स्वतःच्या श्वासाशी जुळवून घेत नसत. म्हणून रुग्णास गाढ गुंगीत ठेवावे लागे किंवा स्नायू शिथिल करणारी औषधे द्यावी लागत. काही रोगांत हे अपरिहार्यच होते. मुंबई येथे फरोख उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या १५० रुग्णांवरील अतिदक्षता उपचारांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा रुग्णांचे जीवघेणे झटके आवरण्यास गुंगी व स्नायुशिथिलन आवश्यक असते. तथापि अपवाद म्हणून आलेली ही निश्चलता हळूहळू सर्वच रुग्णांचा नियम बनली. श्वसनयंत्रास जोडलेल्या रुग्णांना चालविल्याचे वृत्त १९७५ मध्येच अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते, पण त्याकडे दुर्लक्ष झाले. डेन्व्हर येथील फुप्फुसरोगतज्ञ टॉमस पेटी यांनी १९९८ मध्ये खेद व्यक्त केला, की पूर्वी यंत्रावर असूनही जागे असणारे व खुर्चीत बसणारे रुग्ण आता मृतवत पडून असलेले दिसतात.

पुनःशोध : पहिला अडसर गुंगीचा होता. शिकागो येथील १२८ रुग्णांच्या अभ्यासात रोज एकदा गुंगीचे औषध थांबवून रुग्णास जागे केले असता यंत्रावरील काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला (२०००). सॉल्ट लेक सिटी येथील परिचारिका पॉली बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांकडून १,४४९ वेळा बसणे, खुर्चीत जाणे वा चालणे करवून घेतले. त्यांत अनिष्ट घटना एक टक्क्याहून कमी होत्या (२००७). दुसऱ्या एका अमेरिकन रुग्णालयात यासाठी स्वतंत्र पथक नेमल्यावर रुग्ण अकराव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी खाटेबाहेर येऊ लागले (२००८). २००९ मध्ये १०४ रुग्णांच्या यादृच्छिक विभागणीच्या अभ्यासात, लवकर हालचाल करविलेल्यांपैकी ५९ टक्के, तर नेहमीचे उपचार झालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते. पहिल्या गटातील रुग्णांची संभ्रमावस्थाही कमी काळ टिकली.

फुप्फुसे आणि पाय : या सर्व खटाटोपाचे महत्त्व टोराँटो येथील अभ्यासावरून ध्यानात येते. तीव्र फुप्फुसनिकामीपणातून वाचलेल्या १०९ रुग्णांचा तेथील वैद्यांनी पाठपुरावा केला. फुप्फुसांचे घनफळ व हवा आतबाहेर जाण्याचा वेग सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाले. वायूंच्या विनिमयात मात्र थोडी उणीव राहिली. तरीही एका वर्षाने सहा मिनिटांत हे रुग्ण सरासरी ४२२ मी. चालू शकत, अपेक्षेच्या मानाने हे अंतर सु. दोन तृतीयांश होते. पाच वर्षांनीही ते ४३६ मी.पर्यंतच पोहोचले. फुप्फुसे सावरली, पण माणूस सावरला नाही. अडचण मुख्यतः स्नायूंची होती. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी श्वासमापक यंत्र तयार केल्यापासून श्वसनाचे मोजमाप शक्य झाले असले, तरी केवळ त्या आकड्यांवरून रुग्ण बरा झाला की नाही हे ठरविता येत नाही, हा या अभ्यासाचा धडा होय.

मर्यादा व दक्षता : हालचालीचा उपचार हा औषधासारखाच मात्रेने द्यावयाचा असतो. ७५० रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०२२) एका गटास दिवसाकाठी सु. २१ मिनिटे, तर दुसऱ्यास सु. ९ मिनिटे सक्रिय हालचाल करविण्यात आली. १८० दिवसांपैकी रुग्णालयाबाहेर जिवंत राहण्याच्या काळात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही; उलट अधिक हालचाल केलेल्या गटात हृदयाची लय बिघडणे, रक्तदाब वा प्राणवायू उतरणे अशा घटना अधिक (९.२ टक्के विरुद्ध ४.१ टक्के) घडल्या. या अभ्यासातील दुसऱ्या गटासही निश्चल ठेवलेले नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. याउलट, यंत्र लावल्यापासून पहिल्या चार दिवसांच्या आत हालचाल सुरू केलेल्या रुग्णांत एका वर्षानंतर बौद्धिक दौर्बल्याचे प्रमाण २४ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ४३ टक्के आढळले (२०२३). लवकर प्रारंभ हितकर, पण अट्टहासाने वाढविलेली मात्रा नव्हे, असा या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

२०१४ मध्ये तज्ञांनी सुचविलेल्या नियमांत हिरवा, पिवळा व तांबडा असे रंगसंकेत वापरले आहेत. रक्तदाब राखण्यासाठी औषधांची मोठी मात्रा लागत असेल, प्राणवायूची गरज फार असेल, हृदयाची लय अस्थिर असेल किंवा मणका स्थिर केलेला नसेल, तर रुग्णास खाटेबाहेर काढीत नाहीत. घशातील नळी, शिरेतील नळ्या व मूत्रनलिका यांवर लक्ष ठेवतात. श्वास फार वाढल्यास वा प्राणवायू उतरल्यास हालचाल तत्काळ थांबवितात.

डोंगराळ भागातील प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा हे तालुक्याचे ठिकाण सह्याद्रीच्या माथ्यावर, कोल्हापूरच्या पश्चिमेस सु. ५५ किमी.वर आहे. तेथून करूळ व भुईबावडा हे घाट कोकणात उतरतात. अतिपर्जन्याच्या या भागात भात, नाचणी व ऊस यांची शेती होते आणि अनेक वाड्या व धनगरवाडे उतारांवर वसलेले आहेत. अशा प्रदेशात कृत्रिम श्वसनाची गरज लागणारा रुग्ण नेहमी वृद्ध वा जीर्ण आजाराचा नसतो. पुष्कळदा तो शेतात राबणारा धडधाकट माणूस असतो. मण्यार चावल्यास श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, परंतु शुद्ध शाबूत असू शकते. एकदा पक्षाघात झाला की प्रतिविषाने तो लगेच उतरत नाही व काही दिवस यंत्राचा आधार लागतो. कीटकनाशकाच्या विषबाधेतही आरंभीची लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांनी श्वसनाचे स्नायू दुबळे पडू शकतात. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. दोन्ही प्रकारांत मूळ विकार उतरणारा असतो. मधल्या काळात फुप्फुसे मिटू न देणे, स्राव काढणे, कूस बदलणे, उशाकडील भाग उंच ठेवणे व सांधे हलते ठेवणे यांवर पुढील सारे अवलंबून राहते. मण्यारदंशाच्या रुग्णास, तो डोळे उघडू शकत नसला तरी, सर्व ऐकू येत असू शकते. म्हणून प्रत्येक हालचालीपूर्वी त्याच्याशी बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे.

येथील गंभीर रुग्णांना सामान्यतः कोल्हापूरला न्यावे लागते. तेथील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, पूर्वीचे ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालय, हे जिल्ह्याचे जुने सार्वजनिक रुग्णालय होय. २०२०–२१ मधील कोव्हिडच्या साथीत श्वसनयंत्र, प्राणवायू व पालथे निजविणे हे शब्द खेड्यापाड्यांत पोहोचले. यंत्रांची संख्या वाढली, तरी यंत्रावरील माणसास उठवून बसविणारे हात त्या प्रमाणात वाढतातच असे नाही. एका रुग्णास चालविण्यास परिचारिका, भौतिकी चिकित्सक, श्वसनयंत्र जाणणारी व्यक्ती व मदतनीस असे तीन-चार जण लागतात. मनुष्यबळ अपुरे असेल तेथे गुंगी कमी ठेवणे, दिवसातून काही वेळ बसविणे व नातेवाइकांना सांध्यांच्या हालचाली शिकविणे या कमी खर्चाच्या गोष्टींनीही बराच लाभ साधता येतो. घरी परतल्यानंतरचे व्यायाम आप्तांनीच करवून घ्यावयाचे असल्याने त्यांचे शिक्षण रुग्णालयातच सुरू होणे इष्ट ठरते.

रुग्णालयातील चालण्याची चाचणी सपाट मार्गिकेवर होते. गगनबावड्याच्या परिसरातील शेतकऱ्यास मात्र पावसाळ्यात चिखलातून बांध ओलांडावे लागतात आणि डोक्यावर भारा घेऊन चढ चढावा लागतो. त्याच्या दृष्टीने बरे होणे म्हणजे यंत्र निघणे नव्हे, तर त्या चढावर पुन्हा पाऊल टाकता येणे होय. अतिदक्षता उपचारांचे यश रुग्ण वाचला किंवा नाही एवढ्यावरच न मोजता, तो कोणत्या आयुष्यात परतला यावरही मोजले पाहिजे, ही जाणीव शीघ्र शय्यात्यागाच्या इतिहासाने वैद्यकास दिली आहे.